थांबा, आलेच

"ती एवढी घाई करत नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

मी दचकले. हात निसटला आणि सुई खर्रकन तबकडीच्या कडेला गेली. वळून बघितलं तर माडीच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर समोरच्या घरातले हुल्याळकर अण्णा उभे. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. आजवर त्यांनी आमचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता, आणि आज एकदम माडीवर.

"काय म्हणालात अण्णा?"

"पुन्हा वाजव. परत नेताना तू घाई करतेस. ती करत नाही."

'ती' म्हणजे तबकडी, असं मी धरलं. दुसरं काय धरणार?

ही २००६ सालच्या फेब्रुवारीतली, मिरजेतली गोष्ट. मी वीस वर्षांची होते. माझ्या वडलांचा, पप्पांचा, साउंडचा धंदा. लग्न, वरात, जत्रा, सगळीकडं 'कोरे साउंड'चे स्पीकर. आदल्या दिवाळीत पुण्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून पप्पांनी जुना माल उचलून आणला, त्यात दोन जडशीळ टर्नटेबलं, म्हणजे तबकड्या वाजवायची यंत्रं, आवाजाचा एक लहान मिक्सर आणि तबकड्यांचं एक खोकं आलं. सीडीचा जमाना. "ह्या ताटल्या कोण फिरवणार आता? घाला भंगारात," पप्पा म्हणाले. मी त्या मागून घेतल्या आणि माडीवर नेऊन मांडल्या.

कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मला एक व्हीसीडी दिली होती. तिच्यात एक परदेशी डीजे तबकडीवर बोटं ठेवून ती पुढं-मागं करत होता आणि तबकडी ओरडत, चिवचिवत, गुरगुरत होती. ह्याला स्क्रॅच म्हणतात हे मला तिथंच कळलं. एक हात तबकडीवर. तिच्याखाली फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, चकती असते म्हणून खालचं ताट फिरत राहिलं तरी तबकडी हाताच्या म्हणण्यात राहते. दुसरा हात मिक्सरच्या फेडरवर. फेडर म्हणजे आवाजाचं दार, इकडं सरकवलं की उघडं, तिकडं सरकवलं की बंद. नुसतं पुढं-मागं करणं चार दिवसांत येतं. पण तबकडी पुढं जाताना दार लावायचं आणि परत येताना उघडायचं, मग चिमणीसारखा आवाज निघतो, तो चर्प. आणि एकाच ओढीत दार मध्ये क्षणभर लावून उघडलं की एका आवाजाचे दोन होतात, तो फ्लेअर. ह्या दोन्हींवर मी चार महिने डोकं आपटत होते.

स्क्रॅचला लागतो मोकळा, स्वच्छ आवाज, ज्याच्यामागं वाद्यं नाहीत असा. हॉटेलच्या खोक्यातल्या इंग्रजी तबकड्या उन्हानं वाकल्या होत्या. एकच धड होती. लहान, मराठी, कुठल्याशा लोकनाट्याची. लेबल खरवडलेलं. नवरा बाहेरून हाका मारतो आणि बायको आतून ओरडते, "थांबा, आलेच!" मग लोक हसतात. त्या दोन शब्दांच्या मागंपुढं काही नव्हतं. मी लेबलवर एक टिकली चिकटवली, म्हणजे ती अमुक ठिकाणी आली की शब्द सुरू होतो हे डोळ्यांनाही कळावं, आणि रोज दुपारी दोन ते चार तेवढेच दोन शब्द पुढं-मागं घासत बसले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी कोल्हापुरात डीजेंची स्पर्धा होती. पप्पांनी सरळ सांगितलं होतं, "नंबर काढलास तर लग्नाच्या ऑर्डरीवर तुला बसवतो. नाही निघाला तर ते डबडं विकायचं, आणि मी आणीन ते स्थळ बघायचं. मग कुरकुर नको."

म्हणून त्या दुपारी अण्णांना मी परत पाठवलं नाही. "बसा की," म्हणाले आणि स्टूल पुढं केलं.

अण्णा जन्मभर पेट्यांचे सूर लावत आले होते. मिरजेत वाद्यांच्या दुकानात हार्मोनियमचे पितळी सूर घासून, कानाशी धरून, परत घासून जुळवायचे, हे त्यांचं काम. सत्तरी उलटल्यावर दोनेक वर्षांत विसरायला लागले. कुठल्या गल्लीत वळायचं ते विसरत, जेवलो की नाही ते विसरत. पण सूर चुकला की मान अजून झटक्यात वळायची. गल्लीत म्हणायचे, अण्णांचं डोकं गेलं, कान राहिला.

मी वाजवलं. "थांबा, आलेच." पुढं, मागं, पुढं.

"मनगटानं ओढ. खांद्यानं नको," ते डोळे मिटून म्हणाले. "पेटीचा भाता असाच. आत जाणारा वारा आणि बाहेर येणारा वारा, दोन्हीला सारखा वेळ द्यायचा."

मी खांदा सैल सोडला. दहाव्या-बाराव्या वेळेला चिमणी बोलली. खरंच बोलली, लख्ख. चार महिने जे झालं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं होतं.

अण्णा दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले, मग रोजच यायला लागले. दोनला मी सुई टेकवली की जिना वाजायचा. त्यांच्या सूचना मोजक्या असत आणि दर वेळी बरोबर. एकदा म्हणाले, "बोलायच्या आधी श्वास घेते ती. तो कुठं टाकलास?"

"श्वास?"

"सुरुवातच कापतेस तू. जरा मागनं धर."

मी टिकली जवाच्या दाण्याएवढी मागं सरकवली आणि हलक्या हातानं तबकडी सोडली. 'थांबा'च्या आधी खरंच एक बारीकसा श्वास होता, घाईत असलेली बाई घेते तसा. चार महिन्यांत हजार वेळा हे शब्द मी ऐकले होते. श्वास ऐकला नव्हता.

आणखी आठवड्यानं म्हणाले, "अजून उंच आहे. पाव सूर खाली घे."

टर्नटेबलला वेग कमीजास्त करायची पट्टी असते. मी ती केसभर ओढली.

"अजून."

आणखी केसभर.

"थोडं अजून... हां. राहू दे तिथंच."

आवाज भरला. नाकातला चढेपणा गेला. ती बाई आता नाटकातली वाटत नव्हती. शेजारच्या खोलीत काहीतरी आवरता आवरता बोलतेय असं वाटत होतं. माझ्या हातावर काटा आला. अण्णा मात्र पाटावर बसावं तसे ताठ बसले होते आणि त्यांचा चेहरा, मी काय सांगू, तीस वर्षांच्या माणसाचा झाला होता.

"अस्सं," ते म्हणाले. "आता ही पट्टी हलवू नको."

त्यांना न्यायला इंदूकाकू यायच्या, त्यांच्या बायको. खालून हाक मारायच्या, "अहो, चहा झालाय." अण्णांचं लक्ष नसायचं. मग काकू गुडघ्यावर हात ठेवत जिना चढायच्या. त्या दिवशी त्या वर आल्या तेव्हा मी वाजवतच होते. दारात उभ्या राहून त्यांनी ऐकलं. मग अण्णांच्या तोंडाकडं बघितलं.

"काय म्हणते गं ही बाई?" त्यांनी मला विचारलं.

"थांबा, आलेच, म्हणते. नाटकातलं आहे काकू."

काकूंनी चौकट धरली. मग अण्णांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "चला. चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटीतून शेंगाची चटणी घेऊन आल्या. आईशी दोन शब्द बोलल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हेमा, दुसरी तबकडी नाही का तुझ्याकडं?"

"ह्याच आवाजावर सगळं बसवलंय काकू. स्पर्धेला चारच आठवडे राहिलेत. अण्णांचा त्रास होतो का तुम्हाला? नको येऊ देऊ त्यांना?"

"ते माझं ऐकतात होय?" काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "दोन वर्षांत एवढे खुशीत कधी नव्हते. रात्री शांत झोपतात. राहू दे. वाजव तू."

तेव्हा मी खोदून विचारायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला अण्णा हवे होते. त्यांच्या कानावर माझा हात तयार होत होता.

मार्च लागला आणि भारनियमन सुरू झालं. वेळापत्रक रोज बदलायचं. एका दुपारी मी वाजवत असतानाच वीज गेली. पंखा थांबला, स्पीकर मुका झाला, टर्नटेबलचं ताट हळूहळू फिरायचं थांबलं. मी सुई उचलायला गेले.

"नको, नको," अण्णा घाईनं म्हणाले. "अजून आहे ती."

ते स्टुलावरून उठले, टर्नटेबलपाशी वाकले आणि कान सुईला लावला. "फिरव. हातानं."

मी बोटानं तबकडी फिरवली. वीज नसली तरी सुई खाचेतून जाताना स्वतःच कुजबुजते, हे मला माहीत होतं. पण भर दुपारी, एवढ्या शांततेत, मी ते कधी ऐकलं नव्हतं. मुंगी बोलावी तेवढा आवाज. श्वास. थांबा. आलेच. एरवी मी तिथून मागं ओढते. त्या दिवशी बोट पुढं जात राहिलं.

पुढं लोकांचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. एक लांब फुसकारा आला, मग थांबून दुसरा, मग तिसरा. कोळशाचं इंजिन उभ्याउभ्या वाफ सोडतं तसा.

"गर्दी फार आहे," अण्णा तसेच वाकून म्हणाले. "उतरलो तर जागा जाईल. म्हणून मी बसून राहिलो."

"कुठं अण्णा?"

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. ओळख नव्हती डोळ्यांत. "तू कोण गं पोरी? तुझा डबा हा नाही."

खाली आईला हाक मारायला मी जिन्याकडं वळले. तेवढ्यात जिन्यावर काकूंची पावलं वाजली आणि मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वीज असताना, मी एकटीनं तोच भाग वाजवून बघितला. "थांबा, आलेच!" आणि पाठोपाठ लोकांचं खदखदून हसू, टाळ्या, शिट्ट्या. खाच झिजलीय, म्हणून काल तसं ऐकू आलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. काकूंना सांगितलं नाही.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी मी माडीला कुलूप लावलं, तबकडी फडक्यात गुंडाळली आणि पप्पांबरोबर टेंपोतून कोल्हापूरला गेले. चौदा जण होते. मुलगी मी एकटी. माझी पाळी साडेतीनला आली. टर्नटेबलांसमोर उभी राहिले आणि वेगाची पट्टी अण्णांनी सांगितली होती तिथंच ओढली.

मी श्वासापासून सुरुवात केली. नुसता श्वास. फेडर उघडला, लावला. पुन्हा श्वास. पुन्हा. हॉलमध्ये दोनेकशे पोरं शिट्ट्या मारत होती. ती गप्प होत गेली. मग 'थांबा'चा पहिला तुकडा. मग अर्धा शब्द उलटा. चर्प, फ्लेअर, सगळं अण्णांच्या भात्याच्या हिशेबानं, जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाऱ्याला सारखा वेळ देत. मध्येच मला वाटलं, हॉलच्या दारात कुणीतरी उभं आहे. मी मान वर करून बघितलं. दार लावलेलं होतं. पुन्हा तसंच वाटलं, पुन्हा बघितलं. शेवटी अख्खं वाक्य एकदाच सोडलं, "थांबा, आलेच," आणि दोन्ही हात उचलले. मग जो गलका झाला तो अजून माझ्या कानात आहे.

दुसरा नंबर आला. एक परीक्षक म्हणाले, "बाकीच्यांनी तबकडी घासली. तू बोलावलंस." कौतुकानं म्हणाले ते. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातून मोबाइल काढला. घरचे सहा कॉल येऊन गेले होते.

पप्पांनी लावला तर आमच्या घरातून काकू बोलल्या. "हेमाला द्या."

मी घेतला.

"हेमा, हे घरात नाहीत. दोन वाजल्यापासनं नाहीत."

"माडीवर..."

"माडीला कुलूप आहे तुझ्या. दोनला उठले, जिन्याशी गेले, उभे राहिले. परत येऊन मला म्हणाले, आज आवाज येत नाही, म्हणजे ती पोचली असणार. मी म्हटलं, कोण? तर हसले. मी ताटलीत चिवडा काढत होते गं, आणि वळून बघते तर दार उघडं."

त्यांचं बोलणं असं तुटक होतं. काकू एरवी मोजून बोलणाऱ्या.

पप्पांनी टेंपो असा हाणला की पन्नास किलोमीटर तासाच्या आत संपले. गल्लीच्या तोंडाशीच काकू उभ्या होत्या, हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली. त्या पुढं चढून बसल्या.

"स्टेशनात चला," त्या पप्पांना म्हणाल्या. "दोनदा जाऊन आले मी. नव्हते. वाट चुकले असतील. पण जाणार तिथंच."

"स्टेशनातच कशावरून?" मी विचारलं.

टेंपो चौकातल्या गर्दीत अडकला होता. काकू समोर बघत बोलायला लागल्या.

"हे मिरजेचे नव्हेत. ठाऊक आहे तुला? सदुसष्ट साली हुबळीकडनं पुण्याला चालले होते. लग्नाला दोन महिने झालेले. कमळा नाव तिचं. मिरजेत गाडी पाण्याला थांबली. ती फिरकीच्या झाकणाचा तांब्या घेऊन उतरली. ह्यांनी खिडकीतनं विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, थांबा, आलेच."

हॉर्न वाजत होते. पप्पांनी गाडी अंगावर घालत पुढं काढली.

"मग?"

"मग काही नाही. आली नाही. गाडी हलली तेव्हा ह्यांनी उडी मारली. ट्रंक गेली पुण्याला. नळापाशी नाही, बायकांच्या खोलीत नाही, कुठंच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. तांब्यासुद्धा सापडला नाही. हे मिरजेतच राहिले. ती थांबा म्हणाली होती ना? सात वर्षांनी लोकांनी मागं लागून माझ्याशी लावून दिलं. मला सगळं सांगून केलं त्यांनी, फसवलं नाही." काकूंनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चांगले वागले जन्मभर. फक्त कधी मी आतनं 'आलेच' म्हटलं की हातातलं काम टाकून बघायचे. मी तो शब्दच सोडला. 'येते' म्हणायला लागले."

"काकू, मला सांगायचं होतंत. मी बंद केलं असतं."

"तुझी तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला काही वाटलं नाही. नाटकातली बाई. पण मग ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. तिचा आवाज मी कधी ऐकलेला नाही, हेमा. पण ह्यांचं तोंड मला वाचता येतं."

स्टेशनात दिवे नुकतेच लागले होते. पप्पा टेंपो लावायला राहिले, आम्ही दोघी पुढं धावलो. मुख्य फलाटावर माणसंच माणसं. काकू तिकडं बघतच नव्हत्या. पलीकडं हुबळी-पुण्याची लहान गाडी पूर्वी जिथं लागायची तो जुना फलाट होता, आता कुणी न वापरलेला, फरशीतून गवत आलेलं. तिथं आम्ही पोचलो तेव्हा एकही माणूस नव्हतं. फक्त टोकाला, जिथं फलाट उतरत उतरत रुळांना मिळतो, तिथं पांढरं धोतर दिसलं.

अण्णा उतारावरून खाली चालले होते. भराभर, तरुण माणसासारखे. शेजारच्या रुळावरून, त्यांच्या पाठीमागून, दिवा लावलेलं एक सुटं इंजिन येत होतं. त्यांना ते दिसत नव्हतं. त्यांची नजर रुळांच्या पलीकडं कुठंतरी लागली होती.

"अहो!" काकू ओरडल्या. "अहो, थांबा!"

अण्णांनी मान वळवली नाही. आमच्यामध्ये शंभर पावलं तरी अंतर होतं. इंजिनानं कर्कश शिट्टी दिली. अण्णांनी एक पाय रुळांच्या खडीवर ठेवला.

काकूंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. काय करायचं ते मला एकदम कळलं. पाच महिने तो एकच आवाज माझ्या हातातून गेला होता. त्याची पट्टी, त्याची लय, त्याचा श्वास माझ्या अंगात होता. मी तो श्वास घेतला.

"थांबा, आलेच."

जोरात नव्हे. शेजारच्या खोलीतून म्हणावं तसं.

अण्णा थांबले. पाय मागं घेतला. इंजिन त्यांच्यासमोरून धडधडत गेलं, धोतर फडफडलं, आणि ते गेल्यावर अण्णा तिथंच उभे होते, मागं वळून आमच्याकडं बघत. चेहऱ्यावर कसलाही धक्का नव्हता. फक्त थोडा राग होता, आपल्या माणसावर येतो तसला.

आम्ही पोचेपर्यंत ते उतारावर खाली बसले होते.

"किती वेळ लावलास," ते म्हणाले. "मिळालं का पाणी?"

मी काकूंकडं पाहिलं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी बाटलीचं झाकण काढलं आणि अण्णांपुढं बसल्या.

"मिळालं," त्या म्हणाल्या. "गर्दी होती नळावर."

अण्णा घटाघटा प्यायले. तोंड पुसलं. काकूंचा हात धरून उठले आणि म्हणाले, "चल, कमळा."

तेव्हापासून त्यांनी काकूंना इंदू म्हणून हाक मारली नाही. माडीवरही कधी आले नाहीत. कुठं जायची ओढ राहिली नव्हती त्यांना. दारात खुर्ची टाकून बसायचे, आणि आतल्या माणसाला हाक मारायचे, "कमळा." काकू आतून ओ द्यायच्या. "येते." आणि मग काही दिवसांनी, "आलेच."

मी ती तबकडी पुन्हा लावली नाही. नंबर काढला होता म्हणून पप्पांनी शब्द पाळला. त्या उन्हाळ्यात मी पहिली लग्नं वाजवली, दुसऱ्या आवाजांवर. पुढं त्याच कामात माझं आयुष्य गेलं आणि बरं गेलं. पण त्या संध्याकाळबद्दल मी कुणाशी बोलले नाही. पप्पा आले तेव्हा आम्ही तिघं उतार चढून वर येत होतो. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. काकूंशी बोलायचा मला धीर झाला नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

अकरा महिन्यांनी, पुढच्या फेब्रुवारीत, अण्णा झोपेत गेले. तेरावं झाल्यावर एका दुपारी काकूंनी मला बोलावलं. घर धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. अण्णांची सूर घासायची कानस आणि चिमटे त्यांनी मला द्यायला काढून ठेवले होते. "तुझ्या हातात शोभतील," म्हणाल्या.

"हेमा, एक मागू?"

"मागा की काकू."

"त्या दिवशी स्टेशनात जसं म्हणालीस, तसं एकदा म्हणून दाखव. वर्षभर मी तिच्या नावानं ओ दिली. ती कशी बोलायची तेवढं एकदा नीट ऐकू दे. तेव्हा जिवाच्या धसक्यात ऐकलं मी."

मी हातातली कानस खाली ठेवली.

"काकू, मी कुठं म्हणाले?"

"म्हणजे?"

"मी नुसता श्वास घेतला होता. तोंड उघडलं आणि तेवढ्यात... मला वाटलं, तुम्ही म्हणालात."

काकूंचा हात मांडीवर होता तसाच राहिला. बाहेर गल्लीतून एक सायकल गेली, तिची घंटा वाजली.

"मी?" त्या म्हणाल्या. "माझा आवाज तसा आहे का?"

"नाही."

"आणखी कोण होतं तिथं?"

"कुणीच नव्हतं काकू. तुम्ही आणि मी."

मला दरवाजाकडं बघायची भीती वाटत होती, म्हणून मी काकूंकडंच बघत होते. त्या घाबरल्या नव्हत्या. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले, डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसे.

"म्हणजे आली होती," त्या म्हणाल्या. "आणि मला वर्षभर वाटत होतं, मी ह्या माणसाला फसवतेय. फसवूनच पाठवलं, असं वाटत होतं गं मला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. अण्णा गेले त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. त्या दुपारी रडल्या, आणि मी त्यांच्याजवळ बसून राहिले.